बाबांच्या मापाचे बांबू

माझे काका मोठे उरकाचे. लग्न असो की मयत, गावात काही निघालं की यांची कंबर सगळ्यांच्या आधी बांधलेली. त्या वैशाखात माझे बाबा मुदतीच्या तापानं पडले होते. वैद्यानं नाडी धरून मान हलवली आणि बाबांना खाटेवरून खाली घोंगडीवर घेतलं. घरातल्या बायकांनी अजून तोंडाला पदरही लावला नव्हता, तेवढ्यात काकांनी खाचराला बैल जुंपले, मूर्तिजापूर गाठलं आणि बुरडाकडून तिरडीचे दोन बांबू घेऊन परतही आले. उद्या बाजार बंद, दिवस उन्हाळ्याचे, असा त्यांचा विचार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

बाबा आमच्या गावात सगळ्यांत उंच. काकांनी बुरडाला हात वर करून माप दाखवलं होतं आणि बुरडानं त्या मापाचे दोन हिरवे बांबू तोडून दिले होते. काकांनी ते ओसरीच्या खांबाला टेकवले. एक घसरला आणि फरशीवर खाडकन पडला.

त्या आवाजानं बाबांनी डोळे उघडले.

"बांबू कोनासाठी आनले रे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी रोजचा.

काका दाराआड झाले. माय पाण्याची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. मी सासरहून, एलिचपुराहून, छोट्या रेल्वेगाडीनं दोन दिवसांपूर्वी माहेरी आले होते, बापाचं तोंड शेवटचं पाहायला म्हणून. मला रडू यायच्या ऐवजी संतापच आला. मी काकांना गाठून म्हटलं, "काका, तुमाले एवढी घाई काहून झाल्ती? बैलाईले तरी दम खाऊ द्याचा."

त्या दिवसापासून ताप उतरत गेला. बाबा भाताच्या पेजेवर आले, मग भाकरीवर आले. बांबू मात्र होते तिथंच राहिले.

तिरडीचा बांबू ही मोठी अडचणीची वस्तू असते, हे मला तेव्हा कळलं. काका परत करायला गेले तर बुरडानं हात जोडले. म्हणाला, "असा माल परत घेत नसतात भाऊ, माह्या घरी लेकरं हायेत." जाळावा तर बांबू चुलीत घालत नाहीत, वंश बुडतो म्हणतात. कुणाला द्यावा तर घेणार कोण? नदीत सोडावा तर वैशाखात आमच्या पूर्णेला धार कुठली! नुसते डोह उरलेले. टाकला तर तिथंच तरंगत राहणार आणि पाण्याला जाणाऱ्या प्रत्येक बाईला दिसणार. शेवटी काकांनी ते गोठ्याच्या भिंतीला नेऊन टेकवले. दुसऱ्या दिवसापासून आमची कपिला गाय त्या बाजूच्या दावणीला बांधून घेईना. मी तिला काठीनं हाणलं, तरी ती पाय रोवून उभी राहिली.

गाईचं एक वेळ सोडा, गावाचं काय करणार? त्या महिन्यात गावात लग्नं होती. हळद दळायच्या जात्याला पहिला हात माझ्या मायचा, हे ठरलेलं. तिचा गळाही गोड होता. पण त्या वर्षी शेजारच्या घरून जात्याची घरघर आणि गाणी ऐकू आली, आणि मायला बोलावणं आलंच नाही. तिचा नवरा ओसरीवर बसून भाकरी खात होता, तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, तरी बायांच्या लेखी त्याच्या नावाचे बांबू दारात आले होते. अशी बाई सवाष्ण म्हणावी की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. माय सूप घेऊन तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. मला त्या बायांचा असा राग आला की मी जाऊन जातं उलथून टाकलं असतं, पण मायनं माझा हात धरला.

मग ती दुपार आली. आमच्याकडं वैशाखात भर बाराला गाव मेल्यासारखं होतं. दारं लावलेली, कुत्रीसुद्धा नालीत शिरलेली, बाहेर फक्त झळा. बाबा आत आडवे होते. गोठ्याकडून आवाज आला, लांब, घोगरा, कुणीतरी दुरून हाक मारल्यासारखा. बांबूच्या उघड्या तोंडात वारा शिरला की असा आवाज होतो, हे मला माहीत होतं. मायलाही माहीत होतं. पण बाबा झोपेत होते, आणि ते झोपेतच म्हणाले, "ओ, आलो."

माय उठून बसली. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. दुपारच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरी हाक येईपर्यंत थांबावं, हे तिनं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आणि इथं घरच्या धन्यानंच पहिल्या हाकेला 'आलो' म्हटलं होतं. तिनं बाबांना हलवून जागं केलं आणि सगळं सांगितलं.

बाबा उठून भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "त्याले कामाले लावलं पायजे. रिकामा हाय म्हणून बोंबलून रायला."

"काय करसान त्याचं?" मायनं विचारलं.

"गरीची काठी करतो. त्याले एक जीवच पायजे ना? मासा देतो त्याले."

आता हे सांगायला हवं की बाबांना हा नाद कुठून लागला. शेती सांभाळायच्या आधी, तरुणपणी, ते मेळघाटात एका सरकारी बंगल्यावर कामाला होते. तिथं गोरे साहेब मासे धरायला यायचे. त्यांच्या काठ्या आपल्यासारख्या रानातून तोडलेल्या नसत. बांबूच्या सहा कामट्या तीन धारेच्या तासायच्या, एकमेकींना सरसानं चिकटवायच्या, म्हणजे सहा पैलूंची एक भरीव काठी होते; कमानीसारखी वाकते पण मोडत नाही. बाबा त्या काठ्या दुरुस्त करायला शिकले. एका साहेबानं विलायतेला जाताना मोडक्या काठीचं सामान त्यांना देऊन टाकलं: पितळी जोडनळ्या, तारेच्या कड्या, दोरा गुंडाळायची चरखी, आणि कामट्या तासायची खाचेची लांब फळी. हे सगळं एका पेटीत वर्षानुवर्षं पडून होतं. स्वतःसाठी काठी करायला त्यांना कधी सवड झाली नव्हती. मरता मरता वाचल्यावर ती सवड झाली.

पण तापानं त्यांचे हात थरथरत होते, तेव्हा हात माझे आणि जीभ त्यांची अशी वाटणी झाली. एक बांबू मी गोठ्यातून ओढत आणला. कोयता ठेवून वर दगड मारला, की बांबू पेरापेरानं फाटत जायचा. प्रत्येक पेराला एक श्वास सोडल्यासारखा आवाज. आत पांढरं, ओलं. मी कामट्या खाचेत ठेवून रंध्यानं तासत गेले. बाबा नखानं धार तपासायचे आणि म्हणायचे, "अजून. अजून एक हात मार." माझ्या बोटांत कुसळं शिरली. मी चिडून म्हटलं, "बाबा, बाजारातून मासाच आना ना." ते हसले. आजारानंतर पहिल्यांदा हसले.

चूक झाली ती पुढं. ओल्या बांबूतला रस मारायला कामट्या विस्तवावर शेकाव्या लागतात. बाबांनी शेणी पेटवायला सांगितल्या आणि माय आडवी आली. "बांबू आगीवर नाई धराचा. आन हा बांबू त नाईच नाई."

"जाळत नाई वं, शेकून रायलो."

"आगीले काय समजते, शेकून रायले का जाळून रायले?"

बाबांनी शेणी परत ठेवायला लावल्या. कामट्या न शेकताच चिकटवायच्या ठरल्या. सरस रात्रभर भिजत ठेवला, पातेल्यात पातेलं ठेवून पातळ केला. जनावरांच्या कातड्या-हाडांचा तो. त्याचा वास घरभर झाला, आणि त्या दिवसांत आमच्या घराला तो वास अजिबात नको होता. सरस थंड झाला की थिजतो, म्हणून काम करायचं ते भर दुपारीच, दारं लावून, घामाच्या धारांत. मी सहाही कामट्यांना सरस लावला, एकत्र जुळवल्या आणि वरून खालपर्यंत सुतळीनं आवळत नेल्या. आवळता आवळता माझे हात मध्येच थांबले. काय करत होते मी? बाबांच्या मापाचा बांबू, आणि त्याच्यावर गुंडाळलेली सुतळी. तिरडी बांधताना पाहिलेलं सगळं माझ्या बोटांना आठवत होतं. मी शेवटी गाठ मारायला गेले तर बाबा ओरडले.

"गाठ नको मारू! टोक आतून ओढून घे. तिरडीले गाठ लागते. याले नाई लागत."

म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं.

काठी सरळ वाळावी म्हणून ती आढ्याला टांगली आणि खाली वीट बांधली. बंद खोलीत, वाऱ्याची झुळूकही नसताना, ती काठी हळूहळू फिरायला लागली. एका बाजूला फिरायची, थांबायची, मग उलट फिरायची. सुतळीचा पीळ सुटत होता, एवढंच. आम्ही तिघंही तिच्याकडं पाहत बसलो. काठी फिरायची थांबली की आम्ही श्वास सोडायचो आणि ती पुन्हा फिरायची.

सुतळी काढली तेव्हा एक कामटी सुटलेली होती. पाच घट्ट, एक वेगळी. पुन्हा सरस तापवला, पुन्हा आवळली, पुन्हा टांगली. पुन्हा तीच कामटी सुटली. मी तिच्यावर आधी कोळशानं खूण केली होती, म्हणून खात्रीनं सांगते, तीच. मायनं सुपातून हात काढून घेतला आणि म्हणाली, "ते कामटी यांच्यापाशी राहाले तयार नाई."

बाबांना मात्र आता राग आला होता आणि त्या रागानं त्यांना बरं वाटत होतं. म्हणाले, ओल आहे आत, दुसरं काही नाही. चूल नको तर नको, वर वऱ्हाडचं ऊन आहे ना! त्यांनी कामट्या पुन्हा सुट्या करून घराच्या टिनांवर टाकायला लावल्या. त्या टिनांवर दुपारी पापड भाजला जाईल असं ऊन असायचं. आम्ही खाली बसलेलो असायचो आणि वरून टक् असा आवाज यायचा. थोड्या वेळानं पुन्हा टक्. कुणीतरी जपून एकेक पाऊल टाकत चालावं तसा. बाबा बोट वर करून म्हणायचे, "ऐक, रस मरून रायला." त्यांनी 'मरून' म्हटलं की माय डोळे मिटायची.

कामट्या पिवळ्या आणि खडखडीत झाल्या, तेव्हा तिसऱ्यांदा सरस लागला. या वेळी माय स्वतः उठली. सुटणारी कामटी तिनं आपल्या अंगठ्यानं दाबून धरली आणि मी सुतळी आवळत गेले. सरसानं तिच्या बांगड्या माखल्या, तरी तिनं अंगठा काढला नाही. "आता कशी सुटतं ते पाह्यतो," ती कामटीला म्हणाली. सुनेला किंवा गाईला बोलावं तशी.

काठी धरली. एकजीव झाली. मी ती वाकवून पाहिली, सोडली, आणि ती सरळ उभी राहिली.

मग बाकीची जोडणी तशी सोपी. न्यायला सोपी म्हणून काठी मधून कापली आणि त्या दोन तुकड्यांच्या टोकांवर लाख वितळवून पितळी नळ्या बसवल्या. हलका म्हणून पांगाऱ्याचा दस्ता केला. कड्या बांधायला रेशीम हवं होतं. मायनं आपल्या लग्नातल्या शालूच्या काठाचे लाल धागे उसवून दिले. "माह्यं काय आता लगन होते?" म्हणाली. ते धागे मी शेजारी शेजारी असे गुंडाळले की मध्ये उजेड दिसू नये, आणि गाठ कुठंच मारली नाही. वरून राळेचा हात दिला. साहेबाच्या काठीला हसेल अशी काठी झाली होती. मला तिच्याकडं पाहून अभिमानही वाटायचा आणि ती हातात धरायची भीतीही वाटायची.

डोहावर आम्ही तिघं गेलो. माय नदीवर मासे धरायला कधी आली नव्हती. त्या दिवशी न सांगता मागं चालत आली. बाबांनी बेडूक लावून गरी टाकली. पाणी हिरवं, हलत नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं आणि बाबा पुढं ओढले गेले. मी मागून त्यांची कंबर धरली. किती हलके झाले होते ते! खालून जे काही ओढत होतं ते बाबांना घेऊन जाईल असंच मला वाटलं. मी ओरडले, "सोडा बाबा, काठी सोडा!" त्यांनी सोडली नाही. काठी कुरकुरली, पण ती कामटी सुटली नाही.

मरळ होता, हातभर लांबीचा. वाळूवर येऊन पडला. मरळ लवकर मरत नाही, पाण्याबाहेरही जीव धरून राहतो, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याला दगडानं मारायला बाबांनी मनाई केली. त्याचा जीव आपोआप जाऊ द्यावा म्हणाले. आम्ही तिघं त्याच्याभोवती तापलेल्या वाळूत बसून राहिलो. तो तोंड उघडायचा, मिटायचा. माय एकदा त्याच्याकडं पाहायची, एकदा बाबांकडं. मी मनात म्हणत होते, मर रे बापा, मर एकदाचा. शेवटी त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाबांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "भूक लागली."

ही गोष्ट गावभर झाली, आणि गावाला ती पटली. जीवाच्या बदल्यात जीव गेला, बांबू फिटला. पुढच्या लग्नात मायला जात्यावर बोलावणं आलं. ती गेली आणि असं गायली की आमच्या ओसरीवर ऐकू आलं. मला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

दुसरा बांबू अजून गोठ्यातच होता. बाबा म्हणाले, पावसाळ्यानंतर त्याचीही काठी करू. पण मायनं त्याआधीच तो घरात आणला. दोन खुंट्यांवर आडवा टाकून तिनं त्याची वलाणी केली. तिच्यावर शेवया वाळायच्या, तिची लुगडी वाळायची. मी दुसऱ्या खेपेला माहेरी आले तेव्हा ते पाहून मला शहारा आला. मी म्हटलं, "माय, त्याचा मासा त देल्लाच नाई अजून."

माय लुगडं झटकत हसली. "त्याले मी लुगडं नेसवलं. आता तो बाईमानूस झाला. तुह्या बापाले नाई पुसत तो आता."

मीही हसले. त्या वलाणीवरच्या शेवया मी दुधात घालून खाल्ल्या आणि पुन्हा मागितल्या.

माय गेली ती दोन-तीन वर्षांनी, थंडीत. छातीत दुखतं म्हणाली आणि दुपारपर्यंत संपली. दुखायला लागलं तेव्हाच बाबांनी तार केली होती, ती मिळाली तशी मी छोट्या गाडीनं निघाले. पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि काका एका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. सगळ्यांत आधी कंबर बांधणारा माणूस, पण त्या वैशाखानंतर त्यांनी बांबूला हात लावायचं सोडलं होतं. लोक त्यांना उठवत होते, ते उठत नव्हते. शेवटी बाबाच त्यांच्यापाशी गेले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"जाय बाप्पा, आता उशीर नको करू. आन दोन नको आनू. एकच आन. एक घरी हाय."

काका गेल्यावर बाबांनी वलाणीवरचं लुगडं काढलं. सकाळी तिनंच धुऊन टाकलेलं, काठाला अजून ओलं होतं. त्यांनी त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग बांबू खुंट्यांवरून उतरवला. मायचं नेहमी म्हणणं होतं की आपण कुंकवासकट जावं. मला त्या म्हणण्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

बुरडानं नवा बांबू मायच्या मापानं दिला होता. माय ठेंगणी. तिरडी बांधली तेव्हा एक बांबू आखूड आणि एक हातभर लांब असं झालं. कुणीतरी करवत आणायला निघालं. बाबांनी त्याला अडवलं. म्हणाले, तो कापायचा नाही.

आमच्यात बायका मयताबरोबर नदीपर्यंत जात नाहीत. मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. गल्लीच्या वळणापर्यंत मायची तिरडी दिसत होती, आणि एका बाजूचा बांबू तिच्या पुढं हातभर निघालेला होता. त्या टोकाखाली बाबांचा खांदा होता.